न मळायचा ब्रेड

आयुष्यातलं पहिलं धडधडीत खोटं थोरली बोलली ते वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आणि तेही ब्रेडच्या एका तुकड्यापायी.

थोरली म्हणजे दोघी बहिणींतली मोठी. तळमजल्यावर तिचा मातीच्या भांड्यांचा कारखाना होता. कारखाना आपलं म्हणायचं, होतं काय तर एक चाक, तीन फळ्या, मातीची चार पिंपं आणि मागच्या खोलीत विजेवर चालणारी भट्टी. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिथं ती आणि तिची धाकटी बहीण राहायच्या. धाकटी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि समोरचा माणूस काय बोलतो यापेक्षा तो कुठल्या दाढेनं चावतो याकडे तिचं जास्त लक्ष असायचं. थोरलीला अख्खी गल्ली ताई म्हणायची. दूधवाला म्हणायचा, पोस्टमन म्हणायचा, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले शेजारचे आजोबासुद्धा म्हणायचे. लग्न करायचं राहून गेलं होतं, आणि तिनं त्याचा कधी बाऊ केला नव्हता.

मग एक दिवस भट्टीची कॉइल जळाली आणि भट्टीवाला आला.

शहरभरच्या भट्ट्या तोच दुरुस्त करायचा. पन्नाशी उलटलेला, किडकिडीत, मिशा अर्ध्या पांढऱ्या. पण थोरलीच्या डोळ्यांत भरली ती त्याची हत्यारं. कापडाच्या गुंडाळीत स्क्रू-ड्रायव्हर उंचीप्रमाणे उभे, आणि प्रत्येक हत्यार वापरून झालं की आधी फडक्यानं पुसायचं, मगच जागेवर ठेवायचं. स्वतःची हत्यारं पुसणारा माणूस थोरलीनं तोवर आरशाखेरीज कुठं पाहिला नव्हता. काम संपल्यावर तिनं चहा केला आणि चहाबरोबर कोपऱ्यावरच्या बेकरीतला ब्रेड ठेवला. राय नावाच्या काळपट धान्याचा, वरून जवस, तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया लावलेला, जाडजाड कापून लोणी फासलेला. त्यानं एक घास घेतला, सावकाश चावला, तिच्या नखांतल्या मातीकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या हातचा?"

थोरलीला फक्त "नाही, बेकरीतला" एवढं म्हणायचं होतं. पण आजवर तिच्या हातांकडे असं कुणी बघितलं नव्हतं. ती म्हणाली, "हो."

इथवर ठीक होतं. चारचौघांत एवढं तेवढं चालतंच. पुढं तिनं जे केलं ते मात्र सांगायला मलाच संकोच वाटतो. पंधरा दिवस वाट पाहून पाहून भट्टी काही बिघडेना. तेव्हा थोरलीनं एका सकाळी नाश्ता आटपल्यावर मेन स्विच बंद केला, भट्टीच्या बाजूचं झाकण काढलं आणि हातातल्या लोण्याच्या सुरीनं तारेचा एक स्क्रू चांगला चार फेरे सैल केला. मग हात धुतले आणि अत्यंत काळजीच्या आवाजात भट्टीवाल्याला फोन लावला.

तो आला. त्यानं स्क्रू पिळला आणि ब्रेडचे तीन तुकडे खाल्ले. महिन्याभरानं तोच स्क्रू पुन्हा सैल झाला. स्क्रूच तो, त्याला काय कळतंय. या तिसऱ्या खेपेला मात्र भट्टीवाला झाकणापुढं बराच वेळ उकिडवा बसून राहिला. त्यानं स्क्रू काढला, उजेडात धरला, खिशात टाकला, आणि त्या जागी पेटीतला एक नवीन बसवला. त्याच्या डोक्यावर सरळ खाच नव्हती, षटकोनी भोक होतं. ते त्याच्या मापाच्या किल्लीनंच उघडतं.

"आता दहा वर्षं बघायला नको," तो म्हणाला.

दहा वर्षं. थोरलीनं मनात हिशेब केला. दहा वर्षांनी ती बासष्ट वर्षांची असणार, आणि तोवर भट्टी ठणठणीत. तिनं चहा दिला. भट्टीवाल्यानं हत्यारं पुसली, गुंडाळी बांधली, सोडली, परत बांधली, आणि मग जमिनीकडे बघत विचारलं की तो ब्रेड त्याला शिकायचा होता, रविवारी दहा वाजता आलं तर चालेल का. थोरलीनं "त्यात काय शिकायचंय, सोपा असतो" असं म्हटल्याचं तिला नंतर अंधुक आठवत होतं. तो गल्लीच्या टोकाशी वळला तशी ती दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावली.

धाकटीनं सगळं ऐकून घेतलं. स्क्रूचा भाग सोडून सगळं, कारण तो थोरलीनं सांगितलाच नाही. धाकटीचा पहिला प्रश्न ब्रेडबद्दल नव्हताच. तिनं विचारलं, तो तुला ताई म्हणतो का? थोरलीनं आठवून सांगितलं की पहिल्या खेपेला दोनदा म्हणाला होता, दुसऱ्या खेपेला मॅडम, आणि आज काहीच नाही, नुसतंच "ते", "जरा", "म्हणजे". यावर धाकटी पलंगावर उताणी पडली आणि पाय झाडत इतकी हसली की खालच्या फळीवरचे पेले किणकिणले. मग उठून बसली आणि कामाचं बोलली. बुधवार संपत आला होता. ओव्हन होता, पण त्यात आजवर फक्त जुने डबे ठेवले जात. हातात तीन दिवस होते. त्यात ब्रेड आला नाही तर ताई खोटारडी ठरणार, आणि तो पुन्हा यायला भट्टीचं निमित्तसुद्धा उरलेलं नाही. सारं सारं त्या ब्रेडवर होतं.

गुरुवारी सकाळी ती बेकरीत हजर. बेकरीवाली बाई कोपरापर्यंत पिठात होती. थोरलीनं आडून आडून विचारलं, तशी तिनं कागदी पिशवीवर सरळ लिहूनच दिलं: दोन वाट्या रायचं पीठ, एक वाटी गव्हाचं, चमचाभर खाण्याचा सोडा, मीठ, एक चमचा काकवी, मूठभर बिया आणि मावेल तेवढं ताक. गोळा करायचा, वर सुरीनं फुली मारायची, भाजायचा. "कुणासाठी एवढं?" तिनं विचारलं. थोरली म्हणाली, बहिणीसाठी. बेकरीवाली हसली, आणि जरुरीपेक्षा जास्तच वेळ हसत राहिली.

आता माती हातात घेतल्यावर पहिलं काय करायचं, हे थोरलीला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. मळायची. दामटून, दाबून, वळवून मळायची, आत हवेचा बुडबुडा म्हणून ठेवायचा नाही, नाहीतर भट्टीत भांडं फुटतं. तीस वर्षं तिनं हेच केलं होतं. पीठ हातात येताच तिनं पदर खोचला आणि त्या गोळ्यातली सगळी हवा काढली. अर्धा तास काढली. तासाभरानं ओव्हनमधून जे बाहेर आलं त्यावर तिनं सवयीनं बोटानं टिचकी मारली, तर टण् असा खणखणीत आवाज आला. भांडं असतं तर पहिल्या प्रतीचं ठरलं असतं.

धाकटीनं कोपरा चावून पाहिला आणि दवाखान्याच्या आवाजात सांगितलं की याचे तीन-चार तुकडे गल्लीत वाटले तर तिच्या डॉक्टरांना वर्षभर उसंत मिळणार नाही.

शुक्रवारी सकाळी थोरली तो ब्रेड पिशवीत घालून परत बेकरीत गेली. बेकरीवालीनं तो दोन्ही हातांनी तोलला आणि सांगितलं की हा मळायचा नसतो, नुसता एकत्र आणायचा. ठीक. थोरली घरी आली आणि तिनं तो नुसता एकत्र आणला. हात शिवशिवत होते, पण आवरले. मग तयार गोळ्यावर तिनं ओलं फडकं घातलं आणि खाली जाऊन दोन वाडगे घडवून आली, कारण घडवलेली वस्तू लगेच भट्टीत घालायची नसते, तिला सावकाश सुकू द्यायचं असतं, हे लहान पोरालाही कळतं. हा ब्रेड टणटणला नाही. तो चपटा झाला, बशीसारखा, आणि मधोमध खळगा. धाकटीनं त्यात चटणी ठेवून पाहिली.

शनिवारी ती बशी पिशवीत. बेकरीवालीनं तोंडावर हात धरला, मग डोळे पुसले, मग समजावलं. सोडा आणि ताक भेटले की तिथल्या तिथं उसळतात. ती उसळी असेतो गोळा ओव्हनमध्ये गेला पाहिजे. वाट बघत बसलं की उसळी ओसरते, आणि मग कितीही भाजा. थोरलीनं हे फार मनावर घेतलं. परतताना ती जवळजवळ पळतच होती. दोन मिनिटांत गोळा, तिसऱ्या मिनिटाला ओव्हन. ब्रेड फुगला, फुली उमलली, वास जिन्यावरून खाली कारखान्यात उतरला. थोरलीनं ओव्हन बंद केला, आनंदानं स्वतःभोवती एक गिरकी घेतली, आणि दार बंदच ठेवून खाली कामाला गेली. तापलेली भट्टी पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायची नसते. उघडली की भांड्याला तडा जातो.

पाच तासांनी तिनं दार उघडलं तेव्हा आत एक देखणा, उत्तम फुगलेला, आरपार वाळून कडक झालेला खाकरा बसला होता.

आता धाकटीनं सूत्रं हातात घेतली. संध्याकाळी ती स्वतः बेकरीत गेली आणि ताजा ब्रेड विकत घेऊन आली. बेत साधा होता. ताईनं त्याच्यासमोर पीठ कालवायचं, ओव्हनमध्ये सरकवायचं, आणि अगदीच काही विपरीत निघालं तर दोनदा खोकायचं. खोकला ऐकताच धाकटी शेजारच्या खोलीतून विकतचा ब्रेड घेऊन येणार आणि म्हणणार की हा ताईनं सकाळीच करून ठेवला होता. थोरलीला हा बेत आवडला नाही. एका खोट्यावर दुसरं रचायचं म्हणजे कच्च्या भांड्यावर कच्चं भांडं, ती म्हणाली. पण तिनं नाहीही म्हटलं नाही, कारण रविवारी तो यायला हवा होता, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही यायला हवा होता, आणि हे तिला इतकं हवं होतं की तिला स्वतःचीच थोडी भीती वाटत होती.

रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना भट्टीवाला जिन्यात उभा होता. इस्त्रीचा सदरा, मिशा कातरलेल्या, आणि बगलेत हत्यारांची गुंडाळी. ब्रेड शिकायला गुंडाळी कशाला, असं थोरलीच्या मनात आलं, पण तिनं विचारलं नाही. सकाळपासून ती मनात घोकत होती: मळायचं नाही, थांबायचं नाही, आत विसरायचं नाही. तिनं पीठ मोजलं. सोडा, मीठ, बिया. हात स्थिर होते. तिनं मध्ये खळगा केला आणि काकवी कालवलेलं ताक ओतलं. तेवढ्यात नीट दिसावं म्हणून भट्टीवाला बाह्या सारून तिच्या अगदी शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या सदऱ्याला साबणाचा वास येत होता.

आणि थोरलीच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. हातांना मात्र काय करायचं ते ठाऊक होतं, तीस वर्षांपासून ठाऊक होतं. त्यांनी गोळा ओढला, दामटला, वळवला आणि दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. भट्टीवाल्याची चुळबुळ सुरू झाली. त्यानं ओठ दाबले, खिडकीबाहेर पाहिलं, परत गोळ्याकडे पाहिलं. चौथ्यांदा तिनं तळव्याचा जोर लावला तेव्हा त्याला राहवलं नाही.

"अहो, मळू नका. ताक पडलंय, उसळी जाईल. उचला आणि घाला आत."

गोळा तिनं उचलला, त्यानं ओव्हनचं दार उघडलं, तिनं फुली मारली, आत ठेवला, त्यानं दार लावलं. हे सगळं त्यांनी इतक्या झटपट आणि न बोलता केलं की दोघं वर्षानुवर्षं एकत्र भाजत असावीत असं वाटावं. मग थोरलीच्या लक्षात आलं.

तुम्हाला कसं माहीत, तिनं विचारलं.

भट्टीवाल्याचे कान लाल झाले. मग त्यानं सांगितलं. कोपऱ्यावरच्या बेकरीची भट्टी गेली अकरा वर्षं तोच बघायचा. तो ब्रेड त्यानं दर आठवड्याला खाल्ला होता, आणि त्यातल्या जवसासकट त्याला तो डोळे मिटून ओळखता आला असता. पहिल्याच घासाला ओळखला होता.

थोरली स्टुलावर बसली. पहिल्याच घासाला. म्हणजे "हो" म्हणताना तिचं तोंड कसं झालं होतं ते यानं बघितलं होतं. जमीन दुभंगावी असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी, का कोण जाणे, हसूही फुटायला लागलं. एवढं झालंच आहे तर उरलंसुरलं कशाला ठेवायचं, असा विचार करून तिनं डोळे मिटले आणि एका दमात बोलून टाकलं. "भट्टीचा स्क्रूसुद्धा मीच सैल केला होता. दोन्ही वेळा."

"माहीत आहे," तो म्हणाला. "खाचेत लोणी होतं."

थोरलीनं डोळे उघडले.

तो अगदी गंभीरपणे, एखाद्या बिघाडाचं कारण समजावून सांगावं तसं सांगत होता. दुसऱ्या खेपेला स्क्रू पिळून त्यानं भट्टी तपासायला सुरू केली, तर साजूक तुपाचा वास आला. भांड्यांच्या भट्टीत तूप कुठून आलं, ते त्याला दोन दिवस कळेना. तिसऱ्या खेपेला स्क्रू उजेडात धरला तेव्हा कळलं. एवढं बोलला आणि त्याचा स्वतःचाच संयम सुटला. दोघंही हसायला लागली. थोरलीला स्टुलावर बसवेना, ती ओट्याला धरून हसली, त्यानं ओव्हनला टेकून हसायचा प्रयत्न केला आणि चटका बसला म्हणून आणखी हसला.

हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, मग नवा स्क्रू का बसवला? तिचा आवाज अजून थोडा दुखावलेलाच होता. "कळलं होतं, तरी?"

भट्टीवाल्यानं बाह्या खाली केल्या. "सैल काम ठेवून मला जाता येत नाही हो. विजेचं आहे, एखाद्या दिवशी तुम्हाला धक्का बसला असता. पण तो स्क्रू पक्का केला आणि लक्षात आलं की आता मी कशाला येणार? म्हणून ब्रेडचं विचारलं." मग खाली बघत तो म्हणाला की बेकरीवालीनं काल त्याला सगळं सांगितलं होतं. रोज सकाळी एक बाई पिशवीत नवीन वीट घेऊन येते म्हणून. ते ऐकल्यावर त्याला रात्रभर झोप आली नव्हती. आनंदानं आली नव्हती.

हे ऐकून थोरलीला काय वाटलं ते मी सांगत बसत नाही. ती काहीतरी बोलायला गेली आणि तिला खोकला आला. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा.

दार धाडकन उघडलं. धाकटी दोन्ही हातांत तबक धरून आत आली, तबकात विकतचा ब्रेड, ब्रेडवर स्वच्छ रुमाल, आणि चेहऱ्यावर कालपासून घोटलेलं हसू. हा ताईनं सकाळीच करून ठेवला होता, तिनं जाहीर केलं. दोघांनी तिच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. बेकरीचा कागद अजून ब्रेडच्या बुडाला चिकटलेला होता. बिचारीला आपण कशाच्या मधोमध उभ्या आहोत हे उमगायला पुढची पाच मिनिटं लागली, आणि उमगल्यावर तिनं खाली बसून पहिला प्रश्न विचारला तो स्क्रूबद्दल, कारण तो तिला कुणी सांगितलाच नव्हता.

पाऊण तासानं थोरलीनं ब्रेड काढला. वेळेवर काढला, दार उघडून, गरम असतानाच. तो जरा एका बाजूला कलला होता, आणि चारदा मळलेला असल्यामुळे हवा तेवढा फुगलेला नव्हता. पण फुली उमलली होती, आणि बुडावर बोटांनी वाजवलं तेव्हा आवाज टण् असा आला नाही. ढब् असा आला. थोरलीनं पुन्हा वाजवून पाहिलं. ढब्. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानंही वाजवून पाहिलं आणि मान डोलावली.

कापल्यावर धाकटीनं दोन्ही ब्रेडचे घास आळीपाळीनं चावले, डावीकडून एक, उजवीकडून एक, आणि निकाल दिला की बेकरीचा जास्त चांगला आहे, पण हा चावताना कुठलाही दात हलत नाही. थोरलीनं आपला निकाल सांगितला नाही. भट्टीवाला लोणी फासून तिसरा तुकडा खात होता, त्याच्याकडे बघून तिला निकाल आधीच कळला होता.

निघायच्या वेळी त्यानं हत्यारांची गुंडाळी ओट्यावर उलगडली. सगळ्यात लहान कप्प्यातून एक जुना स्क्रू काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि ब्रेडच्या चुऱ्याशेजारी ठेवला. सरळ खाचेचा, ओळखीचा. "हा परत बसवून देऊ का?" तो म्हणाला. "लोण्याची सुरी चालते याला."

थोरलीनं तो स्क्रू उचलला. तळव्यावर घेतला, जरा वेळ बघितला, आणि बटणं, सुया न् सुट्टे मणी ठेवायच्या डबीत टाकून झाकण लावलं.

"अहो, राहू द्या," ती म्हणाली. "भट्टी बिघडली नाही तरी येत जा."

शेजारच्या खोलीत धाकटीच्या हातातलं तबक पडलं. भट्टीवाल्यानं गुंडाळी बांधली, आणि पुढच्या रविवारी ताक मी आणतो, असं म्हणून तो जिना उतरला.